रविवारचा आकडा

खोटं बोलणं वेगळं आणि रकाना भरणं वेगळं, असं मी सत्तावीस वर्षं मानत आलो. आज कोणी विचारलं की नाना, दोन्हींत फरक काय, तर सांगता येणार नाही. पूर्वी कोणी विचारायची हिंमत केली असती तर त्याला तिथल्या तिथे झाडला असता.

मी लोटन. कॉलेजच्या भूगोल विभागाचा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे नकाशे टांगा, खडू आणा, कुलपं उघडा, साहेबांचा डबा गरम करा, सगळं मीच. कॉलेज एरंडोलकडचं आहे, नाव सांगत नाही. संस्थेचे लोक मानगुटीवर बसतील आणि माझ्या निवृत्तीला एकच वर्ष उरलंय. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे मला नाना म्हणतात. रागीट आहे असंही म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

आमच्या मागच्या मैदानात, झाडांपासून लांब, चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी आहे. चारी बाजूंनी फटी, आत हवा खेळावी म्हणून. तिच्यात दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलचं फडकं गुंडाळलेलं आणि फडक्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं. रोज दुपारी ठोक्याला अडीच वाजता पेटी उघडायची, दोन्ही आकडे वाचायचे आणि वहीत तारीख, वार, वेळ घालून खाली सही करायची. परीक्षा असो, संप असो. संपात गेटला कुलूप होतं तर मी भिंतीवरून उडी मारून आत गेलोय, विचारा कोणालाही. सहा दिवसांच्या माझ्या आकड्यांत कोणी खोट काढून दाखवावी!

राहिला रविवार. माझं गाव नऊ किलोमीटरवर. दोन आकड्यांसाठी सुट्टीच्या दिवशी कोण येणार? पहिल्या वर्षी मी रविवार कोरेच सोडले होते. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "अरे लोटन, तपासणीवाला कोऱ्या रकान्यावरच आधी बोट ठेवतो. शनिवार आणि सोमवारची सरासरी टाकत जा. हवा काय एका दिवसात उलटी होते का?"

मला पटलं. आमच्या लाइनीत कोणालाही पटेल. हजेरी असो की सामानाचं रजिस्टर, चुकीचा आकडा खपून जातो, कोरी जागा खपत नाही. मी सरासरी टाकत गेलो. दर सोमवारी अडीचला बेरीज करायची, दोनाने भागायचं, रविवारच्या रकान्यात लिहायचं. वही भरली की कपाटात, कपाटाला कुलूप. इतक्या वर्षांत ती कोणी उघडली नाही.

म्हणजे, एकदा उघडली होती. ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका रविवारी माझ्या भाच्याचं लग्न होतं. मी नवरदेवाचा मामा. आमच्या घरात नवरदेवाच्या घोड्याचा लगाम मामाच्या हातात असतो आणि बँडवाल्याने ऐकायचं ते मामाचं. मारुतीच्या दर्शनापासून मंडपापर्यंत वाजणं तुटू द्यायचं नाही, तुटलं तर अपशकुन. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेला होता. रविवारी लख्ख ऊन पडलं आणि ओल्या जमिनीतून अशी वाफ उठली की अंगातला सदरा पिळून काढावा. आम्ही निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता.

बँडमध्ये पुढे क्लॅरोनेट वाजवायला वना होता. पन्नाशीचा, बारीक, शांत माणूस. अंगात तो बँडवाल्यांचा जाड लाल कोट, गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालरी. चौकात आल्यावर तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "नाना, घोटभर पानी पिऊ द्या ना."

मी म्हणालो, "वाजाड रे वना. घोडा मंडपले लागू दे, मंग पे."

तो वाजवायला लागला. पोरं नाचत होती, आणखी एक, आणखी एक म्हणत होती, आणि घोडा काही पुढे सरकत नव्हता. मंडप शंभर पावलांवर असताना वना पडला. गुडघ्यावर नाही, सरळ तोंडावर. लोक ओरडायला लागले, बायका घाबरल्या, वरमाय रडायला लागली की माझ्या पोराच्या लग्नात हे काय आलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "काही नही, पेयेल व्हई."

प्यायलेला असेल. एवढंच बोललो. चार माणसांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं, उरलेल्या बँडने वाजवलं आणि लग्न लागलं. वना रस्त्यातच गेला. संध्याकाळपर्यंत बठ्ठा, सगळाच्या सगळा गाव म्हणत होता की बँडवाला पिऊन पडला आणि मेला. बँडच्या मालकाला पुढच्या तिथींची कामं घालवायची नव्हती, त्याने आणि त्याच्या माणसांनी तोंडाला कुलूप लावलं. खरं सांगतो, चार-सहा दिवसांत माझंही मन म्हणायला लागलं, असेल बुवा प्यायलेला.

पंधरा दिवसांनी सरकारी कचेरीतून कॉलेजला पत्र आलं. वनाच्या घरच्यांनी अर्ज दिला होता की मृत्यू उन्हाने झाला, तर त्या दिवशी दुपारचं तापमान किती होतं ते कळवावं. मी वही काढली. शनिवारी पावसामुळे ३७.६. सोमवारी आभाळ भरून आलं होतं, ३८.८. मधल्या रविवारी माझ्याच अक्षरात ३८.२. तोच आकडा सुवाच्य अक्षरात उतरवून दिला, साहेबांनी सही ठोकली. मे महिन्यातला अडतीस म्हणजे आमच्याकडे गारवा. अडतीसने खानदेशात माणूस मरतो का? अर्ज निकालात निघाला. राहिली ती दारू.

आता यंदाचं ऐका.

गणिताच्या रूपा मॅडम नव्या आल्यात, अंगात उत्साह फार. त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सादरीकरणं दिली, विषय हवामानाचं गणित. अट अशी की इंटरनेटवरून उचलायचं नाही, इथले आकडे शोधायचे. परीक्षक म्हणून धुळ्याचे एक प्राध्यापक येणार. पोरं सगळीकडे पांगली. अर्पितने बापाच्या दुकानात किती कूलर विकले जातात आणि पारा किती चढतो याचा हिशोब मांडला. दिपमाला माझ्याकडे आली.

दिपमाला वनाची मुलगी. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मी नवरदेवाचा मामा, पण त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नव्हती. "नाना, वह्या मिळतील का? अकरा वर्षांच्या." मी कुलूप काढलं. काढलं नसतं तरी चाललं असतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझे आकडे मागत होतं. छाती फुगली हो माझी! पोरगी रोज तीन वाजता यायची, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसून कॉम्प्युटरवर आकडे चढवायची. मी वाचून दाखवायचो, ती टाइप करायची, मग ती वाचायची आणि मी वहीवर बोट ठेवून ताडून बघायचो. चहा मी आणायचो. महिनाभर चाललं ते. एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही.

शेवटच्या आठवड्यात ती खाली मान घालून म्हणाली, "नाना, रविवारी पण आकडे तुम्हीच घेता?"

माझं डोकं फिरलं. "मग काय तुझा बाप येतो घ्यायला?"

तोंडातून गेल्यावर मी जीभ चावली. तिने वही मिटली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली आणि गेली. संधी दिली होती पोरीने मला. ते मला तेव्हाच कळलं होतं आणि मी तरीही गप्प बसलो.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृहात दोन पंखे चालू, दोन बंद. पालकांनाही बोलावलं होतं. दिपमालाची आई पुष्पाबाई शेवटच्या रांगेत बाकाच्या टोकाला बसली होती, पदर डोक्यावर घट्ट ओढून. मी पाण्याचे ग्लास फिरवत होतो. तिलाही दिला. तिने घेतला आणि हातात धरून ठेवला.

स्वप्नील नावाच्या पोराने समुद्राची पातळी मांडली. चांगला बोलला, पण धुळ्याच्या सरांनी विचारलं, "बाळ, आपल्यापासून समुद्र किती लांब?" सगळे हसले. अर्पितच्या कूलरला टाळ्या पडल्या. मग दिपमाला उठली.

तिने आधी फडक्याचं सांगितलं. "एका थर्मामीटरला ओलं फडकं असतं. पाणी वाळतं तेव्हा ते गार होतं, म्हणून त्याचा आकडा कमी येतो. माणसाचं अंगही तसंच आहे. घाम वाळला तर आपण वाचतो. हवेत ओल असली, अंगावर जाड कपडा असला, तर घाम वाळत नाही आणि मग आतून तापायला लागतं. हे दोन आकडे एकत्र बघितले की कळतं, त्या दिवशी उन्हात काम करणं किती धोक्याचं होतं." मी रोज ते फडकं ओलं करतो आणि मला हे इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग ती फळ्याकडे गेली. म्हणाली, "मी दर दिवसाचा आकडा दुप्पट केला, त्यातून आदल्या दिवसाचा वजा केला आणि दुसऱ्या दिवसाचाही वजा केला. हवा रोज थोडी इकडेतिकडे होते, म्हणून उत्तर कधी दोन येतं, कधी उणे तीन. सोमवार ते शनिवार असंच आहे." तिने पडद्यावर चित्र लावलं. ठिपके सगळीकडे उडालेले. "हे रविवार." दुसरं चित्र आलं. सगळे ठिपके एका आडव्या रेषेत. "अकरा वर्षांचे रविवार. उत्तर शून्य, फार तर एक दशांश. फक्त तीन ठिकाणी जास्त फरक आहे आणि तिथे बेरीज चुकलीय."

माझ्या हातात ट्रे होता. तो मी खिडकीत ठेवला.

"म्हणजे अकरा वर्षांत रविवारी कोणी पेटी उघडलेलीच नाही," ती म्हणाली. "आणि यातल्या एका रविवारी एक माणूस उन्हात मेला. त्या दिवशीचा आकडा ३८.२ आहे असं कॉलेजने लिहून दिलं." तिने फळ्यावर लिहिलं, ७६.४ वजा ३७.६ वजा ३८.८. बरोबर शून्य.

"मग खरा आकडा किती होता?" धुळ्याच्या सरांनी विचारलं. "जळगावचा आकडा असेल की."

"जळगावला त्रेचाळीसच्या वर होतं सर. पण कचेरीत म्हणाले, तालुक्यातला आकडा हातात असताना बाहेरचा कशाला. आणि इथला खरा आकडा मला काढता येत नाही. हा खोटा आहे एवढंच गणिताने कळतं."

प्राचार्य उठले. चेहऱ्यावर हसू, कपाळावर घाम. "मुलीने मेहनत घेतलीय, पण हजारो नोंदी आहेत. टायपिंगमध्ये गडबड झाली असणार. असे आरोप करण्याआधी..."

टायपिंगमध्ये गडबड! महिनाभर बोट ठेवून ताडलेले आकडे! मी कसा बोललो ते मलाही माहीत नाही, पण माझा आवाज पंख्यांच्या वर गेला. "गडबड नाही साहेब. पोरीने टाइप केलेला एकेक आकडा मी वहीशी ताडलाय. रविवारचे आकडे मी भरले. सरासरी काढून. सगळे. ते ३८.२ सुद्धा."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. प्राचार्य म्हणाले, "नाना, केबिनमध्ये या." धुळ्याच्या सरांनी चष्मा काढून पुसला. दिपमाला फळ्याजवळ उभी होती, तिने मला हात जोडले. त्या क्षणी वाटलं, सुटलो. सत्तावीस वर्षांचं ओझं उतरलं. निलंबन होवो, पेन्शन अडको, काय व्हायचं ते होवो. मी स्वतःवर खूश झालो होतो, लाज वाटते सांगताना.

कार्यक्रम संपला, पोरं बाहेर गेली, कोणाचा नंबर आला ते मी ऐकलं नाही. मी ग्लास गोळा करत होतो. पुष्पाबाई अजून बाकावरच होती, दिपमाला तिच्याजवळ उभी. हातातला ग्लास तसाच भरलेला.

"भाऊ," पुष्पाबाई म्हणाली, "तुम्हीन खरं सांगं. बरं वाटनं. देव तुमनं भलं करो."

मी मान हलवली. निघून जायला हवं होतं.

"माले एक सांगा. तुम्ही तठे व्हतात ना, लगनमा. नवरदेवना मामा ना तुम्ही?" तिने पदर मागे घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "बँडवाला कोनी बोलत नही. दोन वरिस मी लोकेसना तोंडे बंद करी नही शकनू. पेयेल व्हता का तो?"

आई गं. इतका साधा प्रश्न. हो म्हणालो तर ही बाई मरेपर्यंत मान खाली घालून चालणार. नाही म्हणालो तर ती पुढचं विचारणारच, मग पडला कशाने, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं. माहीत नाही असंही म्हणता आलं असतं. कोरा रकाना. आयुष्यात पहिल्यांदा मला कोरा रकाना हवासा वाटला.

"नही ताई," मी म्हणालो. "पेयेल नव्हता. पानी मांगे तो."

"मंग कोनी दिन्हं नही?"

"मी दिलं नाही." माझी अहिराणी तिथेच संपली, मी कचेरीतल्यासारखं बोलायला लागलो. "मी म्हणालो, वाजव, घोडा मंडपाला लागू दे, मग पी. आणि तो पडल्यावर, प्यायलेला असेल असं पहिल्यांदा मीच म्हणालो. गावाने ते माझ्याकडून ऐकलं."

पुष्पाबाई ओरडेल, शिव्या देईल, पायातली चप्पल काढेल असं वाटलं. काढायला हवी होती. तिने हातातला ग्लास बाकावर ठेवला, उठली आणि दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता.

दिपमाला गेली नाही. तिने पिशवीतून वही काढली, पेन उघडलं आणि माझ्या समोरच्या बाकावर बसली. डोळे कोरडे.

"वेळ सांगा नाना. पाणी कधी मागितलं?"

"दोन सव्वादोन असतील."

"असतील नको. आठवून सांगा."

मी आठवलं. चौकातल्या पतपेढीच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे. "दोन वाजून दहा मिनिटं."

तिने लिहिलं. "पडले कधी?"

"पावणेतीन."

"आणि अडीच वाजता?"

आता काय सांगू. सत्तावीस वर्षांची सवय, अडीच वाजता माझी नजर आपोआप मनगटाकडे जाते, कुठेही असलो तरी. त्या दिवशीही गेली होती. मनात आलं होतं की पेटी बंद आहे, उद्या सरासरी टाकू. मग मी मान वर केली होती आणि समोर वना होता.

"अडीचला तो वाजवत होता," मी म्हणालो. "त्याचा सूर तुटत होता. तोंड पांढरं पडलं होतं. बाकीचे सगळे घामाने निथळत होते आणि त्याच्या कपाळावर घाम नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी घोड्याचा लगाम धरला होता, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. थंड. नवरदेवासाठी ठेवली होती."

तिने एकेक शब्द लिहून काढला, मधे मला दोनदा थांबवून. मग तिने वही फिरवली, माझ्याकडे सरकवली आणि पेन पुढे केलं.

"वहीत घालता तसं घाला," ती म्हणाली.

मी तारीख घातली. वार, रविवार. वेळ, दुपारी अडीच. आणि खाली सही केली.